रंग उडालेला पांढरा

चाळीस वर्षं कापडं रंगवताना आबांचे हात रंगाच्या कढईत गेले. पण गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं की ते काठावरच थांबायचे. पोहता येत नव्हतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. तरी लेक, जावई आणि सात वर्षांची नात शिडाच्या होडीतून प्रवाळाच्या बेटांकडे निघाले, तेव्हा "रंगाऱ्याची नजर हवी" म्हणत लेकीने त्यांना ओढून आणलं. काम एकच: पुढच्या टोकाला बसून पाण्याचा रंग सांगायचा. गडद निळं म्हणजे खोल, तपकिरी म्हणजे प्रवाळाचा खडक, पांढुरकं म्हणजे खाली वाळू. खडकाला घासली की होडीचा तळ फाटलाच, आणि माणसांची वस्ती दोन दिवसांवर.

सकाळी आबा "खडक! खडक!" म्हणून ओरडले. जावयाने धडपडत शीड उतरवलं. निघाली ढगाची सावली.

"आबा, ढगाला धडकून होडी बुडाल्याचं अजून ऐकलं नाही हं!" जावई हसत म्हणाला.

नातही फिदीफिदी हसली. आबा ओशाळले.

दुपारी नांगर टाकायला म्हणून जावयाने पांढुरक्या पाण्याकडे होडी वळवली. "वाळूच ना, आबा?"

पांढरंच होतं. पण आबा आणखी पुढे वाकून निरखू लागले. कोऱ्या कापडाचा पांढरा वेगळा आणि रंग उडालेल्या कापडाचा वेगळा. हा दुसरा होता. पण पुन्हा हसं झालं तर? नात कठड्यावरून खाली वाकली होती.

"शीड पाड, पोरी! ही वाळू नाही! ह्याचा रंग गेलाय!"

लेकीने नवऱ्याकडे न बघताच दोर सोडला. होडी तरी सरकतच राहिली. जावयाने बांबू पाण्यात खुपसला. खट्ट! कंबरभर पाण्याखाली हाडांसारख्या पांढऱ्या, प्रवाळाच्या दगडी फांद्या दाटल्या होत्या. त्यांच्यात एक मासा दिसेना.

"आबा," बांबूने होडी मागे रेटत जावई हळूच म्हणाला, "तिथून हलू नका."

"यांचा रंग कुठे गेला?" नातीने विचारलं.

आबांनी हात पाण्यात बुडवला. कोमट लागलं.

"पाणी तापलंय गं. त्यात कुणाचा रंग टिकणार?"

मागे वळून पाहिलं, तर आल्या वाटेवरही जागोजाग तसंच पांढरं. सकाळी त्यांनी त्यालाच वाळू म्हटलं होतं. आबांनी कठडा घट्ट धरला आणि पापणी न लववता पाणी बघू लागले.