नथवाला पैलवान

ज्या वर्षी मी शर्टांवर चित्रं काढायला लागले, त्याच वर्षी दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीने दोन मुलांना फ्लॅट रिकामा करायला लावला. दोघे भाड्याने राहत होते. कुणीतरी त्यांना जिन्यात हातात हात घेऊन उभं असलेलं पाहिलं होतं. बाबा कमिटीवर होते. मीटिंगहून आल्यावर ते एवढंच म्हणाले, "फॅमिली सोसायटी आहे यार, काय करणार." मग त्यांनी चहा मागितला. संध्याकाळी त्या दोघांच्या गाद्या टेम्पोत चढल्या.

मला तेव्हा एक मैत्रीण होती. घरी हाच शब्द चालायचा, म्हणून मीही तोच वापरायचे. दिल्लीत आमच्यासारख्यांचा मोर्चा निघणार होता आणि त्यासाठी शर्ट करायचं तिच्या डोक्यात होतं. "तू बोलत तर नाहीसच, निदान चित्र तरी काढ," ती म्हणाली.

मी एक पैलवान काढला. जाड मान, पिळदार मिशी आणि नाकात नथ. शर्टाच्या पाठीवर हिंदीत दोनच शब्द: हाँ, तो? म्हणजे, हो, मग?

नथ आईची होती. तिच्यातला एक मोती पडला होता आणि आजीने त्या जागी निळा मणी बसवून घेतला होता. मी तो मणीही जसाच्या तसा काढला. दिल्लीत वाढल्यामुळे दुसरी कुठली नथ मी जवळून पाहिलीच नव्हती. नथ म्हणजे अशीच, असं मला वाटायचं.

उत्तम नगरच्या एका गल्लीत शर्ट छापून घेतले. रंग फाकलेले शर्ट छापणारा कोपऱ्यात फेकत होता. ते पुढे कुठे जातात हे मी विचारलं नाही. मोर्च्यात तोंडाला ओढणी बांधून चालले. कुणी ओळखलं नाही. सुटले, असं वाटलं.

काही आठवड्यांनी मेट्रो स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याच्या अंगावर मला माझा पैलवान दिसला. मग आमच्याच सोसायटीत गाड्या पुसणाऱ्याच्या अंगावर. फाकलेला माल आठवडी बाजारात विकला जात होता. त्याच बाजारात आई घरी घालायचे कपडे घ्यायची.

एका सकाळी बाबा तो शर्ट घालून नाश्त्याला बसले होते.

"एक्स्पोर्टचा माल आहे," ते मला म्हणाले. "कापड बघ. आणि हा कोण, जुन्या नाटकातला स्त्रीपार्टी नट दिसतोय. मिशी काढायला विसरला बिचारा."

मी हसले. हसणं भाग होतं.

आई नेहमीप्रमाणे शर्ट उलटा करून, शिवण ओढून बघून घेऊन आली होती. चित्राकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. आता बाबांना पोळी वाढताना ते गेलं. तिने त्यांच्या छातीवरच्या निळ्या मण्यावर बोट ठेवलं.

"काय गं?"

"डाग वाटला."

"डाग कसला, खडा आहे तो."

बाबा बूट घालायला लागले. खाली बाकावर रोज सकाळी कमिटीची मंडळी जमायची.

"तो बदला ना," आई म्हणाली. "घरात घालायला आणलाय."

"अगं, छान तर आहे. दाखवतो सगळ्यांना."

दार लागलं. आईने गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच राहिली.

"माझी नथ कुणाला दिली होतीस?"

"कुणाला नाही. चित्र मी काढलंय."

कशासाठी, हे तिने विचारलं नाही. माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पदराला हात पुसले, बराच वेळ. खालून हसण्याचा आवाज आला. कुणीतरी हिंदीत मोठ्याने त्या मोर्च्याचं काहीतरी म्हणालं. मग हसणं एकदम थांबलं. आम्ही दोघीही खिडकीकडे गेलो नाही.

"त्यांनी विचारलं तर मला काही माहीत नाही," आई म्हणाली. "आणि तुलाही नाही. कधीच नाही. कळलं?"

मी हो म्हणाले. मैत्रिणीचं नाव तिने घेतलं नाही, पण त्या ‘हो’मध्ये तीही गेली हे आम्हा दोघींना माहीत होतं.

लिफ्ट वर येत होती.