ओसाड चिखल

ओहोटीला हिरामावशी खाडीत वाकून चिखल चाचपत होत्या. बोटांना तिसऱ्यांच्या शिंपल्यांऐवजी खारफुटीच्या मुळ्या लागत होत्या. ती रोपं आमच्या संस्थेनेच लावलेली. आधी इथे उघडा चिखल होता, त्यात तिसऱ्या आणि त्या टिपणारे पक्षी. लागवडीसाठी ही जागा दाखवणारे सरकारी साहेब आता फोन उचलत नाहीत. फसवलं त्यांनी, हे मी कुठेही सांगेन.

"मावशी, तेव्हाच बोलायचं ना."

"बोलले की गं बाय. तू म्हणालीस, कागदात तसं नाय."

कागद म्हणजे लागवडीचं आमचं पत्रक. 'ओसाड चिखल' हे शब्द त्यात मीच लिहिले होते. आपल्याला जिथे काही दिसत नाही, ती जागा आपण किती सहज ओसाड ठरवतो.

मावशी रिकामी टोपली घेऊन निघाल्या. रोपं मोडू नयेत म्हणून वळसा घालून गेल्या.