तीस श्वास सकाळी, तीस संध्याकाळी

पोसो वेर्दे गावाच्या नदीवर लिंदिनाल्वाच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. साखर कारखान्याच्या इंजिनियरची बायकोसुद्धा धुतलेल्या चादरी परत घेताना जपून बोलायची. एकदा ती चुकून म्हणाली, "ही जरा पिवळट वाटते गं." लिंदिनाल्वाने चादर उलगडून उन्हात धरली. "चादर पांढरी आहे, बाईसाहेब. डोळे दाखवून घ्या, कावीळ झाली असेल." काम काही गेलं नाही, कारण तसे कपडे धुणारी दुसरी पंचक्रोशीत नव्हती. साबण लावून गवतावर उन्हात पसरायचे, सुकायच्या आत पुन्हा पाणी मारायचं, आपटायचे, पिळायचे आणि मग नीळ. वयाच्या नवव्या वर्षापासून ती हेच करत आली होती, गुडघाभर पाण्यात उभी राहून.

त्याच पाण्याने तिचा घात केला. त्या नदीत चपट्या गोगलगायी असतात, त्यांतून बारीक किडा निघतो आणि उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आरोग्य खात्याची माणसं अधूनमधून यायची, बायकांना रांगेत उभं करून गोळ्या गिळायला लावायची, फोटो काढून निघून जायची. दुसऱ्या दिवशी त्याच बायका त्याच पाण्यात. नळ यायला आणखी बावीस वर्षं लागली. तोवर किड्याने तिचं यकृत खाल्लं होतं, आणि पुढे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आखडत गेल्या, तिथला दाब वाढला, हृदय दमायला लागलं. राजधानीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी चित्र काढून हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे जन्मभर मी गावाची घाण धुतली, आणि गावाने ती माझ्या छातीत भरून ठेवली." डॉक्टरांनी चित्र घडी करून तिच्या हातात दिलं.

तिची गल्ली म्हणजे टेकडीवर चढणारा नुसता जिना, एकशे दहा पायऱ्यांचा. लिंदिनाल्वाचं घर पायथ्याशी, कितेरियाचं अगदी वर. कितेरिया तिची कोमाद्रे. जिच्या लेकराची आपण धर्मआई, तिला आपण आणि आपल्याला ती तिथे अशी हाक मारते, आणि ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा चिवट मानतात. कितेरियाच्या मुलाला, जायल्तोनला, बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये हातावर घेतलं होतं लिंदिनाल्वाने. चाळीस वर्षं दोघी शेजारशेजारच्या दगडांवर कपडे आपटत आल्या, आणि काम संपलं की वर कितेरियाच्या ओट्यावर बसून साऱ्या गावाची उणीदुणी काढत आल्या. आता दोघींना एकच दुखणं. लिंदिनाल्वाला बाराव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी यायची. कितेरियाला मुलं खुर्चीत बसवून खाली आणायची, तेही सोमवारी फक्त, इस्पितळाच्या व्हॅनपुरती. वर्षभरात लिंदिनाल्वा त्या ओट्यावर गेली नव्हती. तिला दुसरं काही नको होतं. जूनमध्ये सांजावचा सण येतो, मक्याचं पीठ ढवळायला दोघी एकाच पातेल्याशी बसायच्या, तेवढ्यासाठी तिला एकदा आपल्या पायांनी वर जायचं होतं.

मार्चमध्ये इस्पितळातल्या रेबेका नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने दोघींना बोलावलं. श्वास आत ओढणारे स्नायू व्यायामाने बळकट झाले तर या आजारात माणूस जास्त चालू शकतो का, याचा तिथे अभ्यास चालू होता. आठ आठवड्यांचा कार्यक्रम. प्रत्येकीला हातात मावेल एवढी प्लॅस्टिकची नळी मिळाली. आत स्प्रिंग, बाहेरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठांत धरायची आणि जोर लावून हवा आत ओढायची. तीस श्वास सकाळी, तीस संध्याकाळी. चक्कर आली तर थांबायचं. "आणि आपली नळी आपणच वापरायची, दुसरीची नाही," रेबेकाने बजावलं. तिने तीन पानी कागदही वाचून दाखवला. दोघींनी माना हलवून सह्या केल्या. त्या वेळी व्हॅनचा ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत होता आणि दोघींचं लक्ष हॉर्नकडे होतं.

लिंदिनाल्वाची नळी पहिल्या दिवशी हलेना. पाचव्या श्वासाला बरगड्या बोंबलायला लागल्या. पण ती पडली हट्टी. दर सोमवारी बंद दाराआड एक तंत्रज्ञ किल्ली फिरवून नळी आणखी कडक करायचा, आणि ती घरी येऊन शिव्या घालत तीसचे तीस पुरे करायची. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती सहज पायऱ्या चढायला लागली आणि मागे वळून बघते तर एकतीस झाल्या होत्या. तिथेच बसून ती रडली, आणि खालून येणाऱ्या पाववाल्याला म्हणाली, "बघतोस काय? पायऱ्या कुणाच्या बापाच्या आहेत का?"

पुढच्या सोमवारी व्हॅनमध्ये तिने कितेरियाला विचारलं, "तुझं कसं चाललंय गं?"

"ओढते की रोज. पण मेलं काही जाणवतच नाही. उघड्या खिडकीत तोंड धरल्यासारखं."

"जाणवत नाही? मला तर तिसाव्याला पाचव्या बाळंतपणासारखा घाम फुटतो."

"माझंच काहीतरी चुकत असेल," कितेरिया म्हणाली. तिचे ओठ जांभळट दिसत होते. "मला कुठे कधी काही नीट जमलंय, कोमाद्रे."

लिंदिनाल्वाने तिच्या हातातून नळी घेतली, झग्याने नळीचं तोंड पुसलं आणि ओढून पाहिली. हवा सळसळत आत आली, काही आडवं आलंच नाही. "अगं, हे तर रिकामं डबडं आहे! स्प्रिंग मोडलीय तुझी. सांग त्या पोरीला."

"नको गं बाई. तक्रार केली की नाव कापतात. व्हॅनमधली जागा गेली तर मला इस्पितळात कोण नेणार?"

सरकारी खिडकीशी उभं राहून ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना तक्रार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पण नदीवरचा एक रिवाज होता. चांगले सपाट दगड मोजकेच, बाकी सगळा चिखल. एखादी आजारी किंवा बाळंतीण असली तर शेजारचीने आपला दगड दुपारनंतर तिला द्यायचा, साबणाची वडी मधोमध कापायची आणि तिचं अर्धं गाठोडं आपल्या अंगावर घ्यायचं. शेजारीण चिखलात आपटतेय आणि आपण दगडावर, असं करणारीशी नदीवर कुणी बोलत नसे. हे कुणी सांगावं लागत नव्हतं, आणि लिंदिनाल्वाने त्यावर फार विचारही केला नाही. "एक आठवडा माझी नळी तुझ्याकडे, एक आठवडा माझ्याकडे," ती म्हणाली, आणि आपली नळी कितेरियाच्या पिशवीत टाकली. कितेरिया नको म्हणायला लागली तर तिने तिचा हात झटकला.

तसं दोन-तीन सोमवार चाललं. तंत्रज्ञापुढे प्रत्येकीने आपापली नळी ठेवायची, आणि अदलाबदल परतीच्या व्हॅनमध्ये. कडक नळी घेऊन आल्यावर पहिल्या चार दिवसांत कितेरियाला ताप आल्यासारखं वाटलं, पण मग तिचा आवाज फोनवर थोडा मोकळा आला. ती स्वतः अंगणातल्या टाकीपर्यंत जाऊन आली म्हणाली. लिंदिनाल्वा मात्र एकतीसच्या पुढे सरकेना. तिला ते कळत होतं. रिकाम्या नळीच्या आठवड्यात ती दोन्ही वेळा तीसऐवजी साठ श्वास ओढायची, आणि उपयोग शून्य.

सहाव्या आठवड्यात मोजणी झाली. कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं, यंत्रात श्वास ओढायला लावला. रेबेकाने आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "लिंदिनाल्वाबाई, तुमचे आकडे छान चढत होते. मध्येच का थांबले? व्यायाम चुकवला का?"

चुकवला? लिंदिनाल्वाला ते झोंबलं. "एक दिवस नाही चुकवला! अर्धं हिला दिलं, म्हणून अर्धं राहिलं. हिची नळी मोडकी आली होती. आम्ही आलटून पालटून वापरतो." हे सांगताना तिची मान ताठ होती. आता ही पोरगी शाबासकी देईल, निदान कितेरियाला नवी नळी तरी देईल, असं तिला वाटलं.

रेबेकाचा चेहरा पडला. तिने दार लावून घेतलं. "ती मोडकी नव्हती, लिंदिनाल्वाबाई. निम्म्या लोकांना मुद्दामच तशी दिलीय. खरी आणि खोटी शेजारी ठेवल्याशिवाय खरीचा गुण कळत नाही. कागदात होतं ते. मी वाचून दाखवलं होतं."

"मुद्दाम?" कितेरियाने विचारलं. "मी एवढे दिवस मुद्दाम रिकामी ओढतेय?"

"कुणाला कुठली मिळाली ते मलाही माहीत नव्हतं. बंद पाकिटातून निघतं ते. आणि शेवटी सगळ्यांना खरी मिळणार होती. आणखी दोन आठवडे... दोनच. तुम्हाला खरी, आणि यांना यांची कायमची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तुमचे दोघींचे आकडे धरता येणार नाहीत. प्राध्यापकांचा नियम आहे. नळ्या परत घ्याव्या लागतील. मी नेहमीच्या व्यायामवर्गाला नावं देते, पण ती यादी डिसेंबरपर्यंत जाते."

"रडू नकोस," लिंदिनाल्वा म्हणाली. "तुझ्याकडे श्वास आहे म्हणून रडतेस. आम्हाला तेही परवडत नाही." आणि तिने नळी टेबलावर ठेवली.

परतीच्या व्हॅनमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. बाहेर तासभर नुसता ऊस. लिंदिनाल्वाच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता: तिसऱ्या आठवड्यात एकतीस, म्हणजे आठव्यात किती झाल्या असत्या. कुणावर तरी ओकल्याशिवाय तिला राहवेना. पोरीवर ओकून झालं होतं, प्राध्यापक तिथे नव्हते, किडा नदीत होता. उरली कितेरिया.

"तुझ्यामुळे," ती म्हणाली. "तुझं रडगाणं ऐकलं नसतं तर सांजावला मी वर आले असते. आता मरू दोघी, एक वर, एक खाली."

कितेरिया खिडकीकडे वळली. "मी मागितली नव्हती, कोमाद्रे."

"मागायला कशाला लागतं तुला? तोंड पाडून बसलं की झालं. जन्मभर तेच केलंस."

हे खोटं होतं, आणि बोलतानाच लिंदिनाल्वाला ते खोटं आहे हे माहीत होतं. लिंदिनाल्वा बाळंत असताना, नवरा साओ पाउलोला पळून गेला तेव्हा, कितेरियाने तिची किती गाठोडी धुतली होती याची मोजदाद नव्हती. पण शब्द गेला तो गेला. गल्लीच्या तोंडाशी मुलांनी कितेरियाला खुर्चीत बसवलं आणि वर नेलं. तिने मागे पाहिलं नाही.

त्यानंतर फोन आला नाही. लिंदिनाल्वानेही केला नाही. रोज सकाळी ती ठरवायची, आज करते, आणि मग म्हणायची, तिलाही हात आहेत की. सांजावला वरून मक्याचा वास खाली आला. तिने दार लोटून घेतलं. जुलै तसाच गेला. ऑगस्टमध्ये एका सकाळी वरच्या घरातून रडण्याचा आवाज आला, आणि खालच्या बायकांनी तिला सांगायच्या आधीच तिला कळलं.

पुरायच्या आधी शव घरातच ठेवतात, माणसं येऊन बसतात, कॉफी पितात. लिंदिनाल्वाने काळा झगा घातला आणि नऊ वाजता पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शेजारच्या मुलांनी खुर्ची आणली. "घेऊन जा ती," ती म्हणाली. "मी काय मिरवणुकीतला देव आहे? मी चालत जाणार." दहा पायऱ्या, मग बसायचं. आठ, मग बसायचं. नंतर पाच. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. ऊन चढलं. भिंतीला धरून ती साठाव्या पायरीपर्यंत पोचली, मग सहासष्टाव्या. या दुखण्यात ती एवढं कधीच चढली नव्हती. तिला एकच गोष्ट सांगायची होती, की तू मागितली नव्हतीस, आणि ती शवपेटीचं झाकण लागायच्या आत सांगायची होती.

तेवढ्यात वरून माणसं उतरायला लागली. "बाजूला व्हा मावशी, इथे वळायला जागा नाही," कुणीतरी म्हणालं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पेटी खांद्यावर घेऊन पुढे जायल्तोन होता. तिथला कुणीही माणूस धर्मआई समोर आली की आशीर्वाद मागितल्याशिवाय पुढे जात नाही. त्याही अवस्थेत तो थांबला. मागची पाच माणसं ओझ्याखाली वाकून थांबली.

"आशीर्वाद दे, धर्मआई."

तिने तोंड उघडलं. देव तुझं भलं करो, एवढंच म्हणायचं असतं. तिने हवा ओढली, पुन्हा ओढली. छातीत काही शिरेना. पेटीची लाकडी कड तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होती, आणि तिच्या तोंडून कितेरियासाठीही काही निघालं नाही, जायल्तोनसाठीही नाही. "अरे चल, खांदा जातोय," मागून एकजण पुटपुटला. जायल्तोनने खाली मान घातली आणि पायरी उतरला.

पेटी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर लिंदिनाल्वाने वर पाहिलं. चव्वेचाळीस पायऱ्या राहिल्या होत्या, आणि वर आता कुणी नव्हतं.