पेंटरांनी घेतलेली नावाची परीक्षा

आमच्या रस्त्यावरच्या एकोणतीस दुकानांची नावं पेंटरांनी ठेवली आहेत. नुसती रंगवली नाहीत, सुचवलीसुद्धा. आता पाट्या छापून येतात, त्यामुळे पेंटर आमच्या खालच्या खोलीत बसून ब्रश धूत असतात. ते माझ्या यजमानांचे मित्र. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, पण पेंटर मला अजून वहिनीच म्हणतात.

सात मार्च, मंगळवार. माझी भाची लॅपटॉप घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आली. वय चौतीस, पण घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. तिने दवाखान्यांसाठी एक प्रोग्रॅम केला आहे. पेशंटने घरूनच नंबर लावायचा, आपल्या आधी किती जण आहेत ते फोनवर पाहायचं आणि पाळी जवळ आली की निघायचं. एका डॉक्टरांनी तो आपल्या एका दवाखान्यात महिनाभर वापरून पाहिला होता. त्यांचे एकूण पाच दवाखाने.

“पाचही ठिकाणी घेतो म्हणाले,” चिमणी म्हणाली. “पण भिंतीवर लावण्यासारखं नाव शनिवारपर्यंत हवं. नाहीतर दुसऱ्या कंपनीचं घेणार. त्यांचं काम आमच्याहून वाईट आहे, पण नाव डॉक्टरांच्या आईला पाठ झालंय.”

तिने दोनशे दहा नावं काढली होती. त्यातलं तिचं लाडकं होतं क्युव्हिट्रॉन.

“हे दुखण्याचं नाव की औषधाचं?” पेंटरांनी विचारलं.

“काका, वेगळं असलं की लक्षात राहतं.”

“वाकड्या नाकाचा माणूसही वेगळा असतो. पण लक्षात नाक राहतं, नाव नाही.”

पेंटरांची एक रीत आहे. नाव पत्र्यावर रंगवायचं, कोपऱ्यावर टांगायचं आणि पन्नास पावलं पुढे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, मागे काय लिहिलं होतं? निम्म्यांहून जास्त लोकांनी सांगितलं तर नाव पास. विचारायचं पेंटरांनी आणि वहीत उतरवायचं मी, असं ठरलं. लिहिणं त्यांच्याकडे दिलं तर निकाल कुठे झुकेल हे मला पत्त्यांच्या डावांवरून माहीत होतं.

बुधवारी क्युव्हिट्रॉन टांगलं. वीस जणांना विचारलं. नाव एकालाही सांगता आलं नाही. अठरा जण म्हणाले, “रंग ओला आहे.”

गुरुवारी पेंटरांनी स्वतः सुचवलेलं नाव टांगलं, नंबरराणी. वीसपैकी सतरा जण म्हणाले, “रंग ओला आहे.”

तेव्हा मी कोपऱ्यावर जाऊन पाटी नीट पाहिली. खाली लाल अक्षरांचं कार्ड अडकवलेलं होतं: रंग ओला आहे, हात लावू नये. गेली चाळीस वर्षं पेंटर प्रत्येक ताज्या पाटीला ते लावत आले आहेत. खिळ्यासारखंच ते त्यांना दिसेनासं झालं होतं.

“वहिनी, ती सूचना आहे. ती कोण वाचतं?”

“सतरा जण.”

“मग तेच नाव ठेवू,” चिमणी म्हणाली. “दवाखान्यात शोभेल.”

शुक्रवारी सकाळी पेंटरांनी नंबरराणीला ताज्या रंगाचा आणखी एक हात दिला आणि कार्ड न लावता टांगली. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ फोनवर बोलत पाटीला टेकले. नंबरराणी त्यांच्या पाठीवर उलटी उमटली. नाव लक्षात राहील का, हे पेंटरांनी त्यांना विचारलंच. त्यांचं उत्तर मी वहीत उतरवलेलं नाही.

दुपारी पेंटर जेवले नाहीत. मग एकदम म्हणाले, “वहिनी, आपलं चुकलं. रस्त्यावरच्या माणसाला कुठे कशाची वाट पाहायची आहे? जो ताटकळतोय त्याला विचारू.”

चिमणीचा प्रोग्रॅम अजून न पोचलेल्या डॉक्टरांच्या एका दवाखान्यात आम्ही गेलो. बाकावर आठ जण होते. पेंटरांनी कुठलंच नाव सुचवलं नाही, एवढंच विचारलं, “इथून घरी गेल्यावर काय लक्षात राहतं?”

गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक आजी म्हणाल्या, “काय राहणार? ती मुलगी दार उघडून ‘आता तुम्ही’ म्हणते. तेवढं ऐकायला तर जीव कानात आणून बसतो.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर पेंटर पुन्हा ब्रश धूत बसले.

“काका, ‘आता तुम्ही’ आवडलं नाही का?” चिमणीने विचारलं.

“नाव चांगलं आहे. माझं नाही, एवढीच त्यात खोट आहे.”

तरी त्यांनी ते लगेच रंगवायला घेतलं. पाटीवर पंखा सोडला आणि शनिवारी सकाळी ‘आता तुम्ही’ कोपऱ्यावर लागलं. वीसपैकी सोळा जणांनी नाव बिनचूक सांगितलं. उरलेल्यांतले दोघे मागे फिरून विचारायला आले, “मी काय करायचं?”

अकरा वाजता डॉक्टरांना दाखवायला म्हणून आम्ही पाटी काढायला गेलो, तर तिच्याखाली पाच जण एकामागे एक उभे. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येईना.

“पाटी काढू नका हो,” पहिल्या बाई म्हणाल्या. “आता कुठे माझा नंबर आलाय.”

पेंटरांनी शिडी मिटली. चिमणी रांगेचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेली.

“ही रांग कशाची?” त्यांनी विचारलं.

“नावाची,” चिमणी म्हणाली, आणि पाचही दवाखाने घेऊन आली.