सात मोकळ्या ओळी

वाचनालयात माझ्या शेजारी बसणारे नाना पूर्वी गावच्या दैनिकात निधनवार्ता लिहायचे. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, नातवंडे असा परिवार आहे.’ दुःखाच्या घाईत घरचे कुणाचं नाव सांगायला विसरले, तर नाना सायकल काढून पुन्हा त्यांच्या दारात जायचे.

आज त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्या एका मुलीची बातमी होती. तिचं नाव होतं, फोटो होता, ती व्हायोलिन शिकत होती हेही होतं. ती बातमी मी दोनदा वाचली. खाली कोपऱ्यात दोन ओळी होत्या: गाझातल्या हल्ल्यात सात मुलं ठार. तिथे मी नेहमीसारखं पान उलटायला गेलो. नुसता आकडा वाचून कुणाच्या हातातला चहा थांबत नाही.

नानांनी माझा हात धरला. “हिचं छान लिहिलंय. असंच लिहायला हवं. पण या सातजणांच्या घरी कुणीच गेलं नाही का रे?”

“तिथे सायकलने जाता येत नाही, नाना.”

“मग तेवढं तरी छापा ना, की नावं मिळाली नाहीत, शोधतोय!” ते चिडून म्हणाले आणि संपादकांना पोस्टकार्ड लिहायला बसले.

मजकूर चारच ओळींचा होता. त्याखाली त्यांनी पट्टीने सात रेघा आखल्या आणि कोऱ्याच ठेवल्या.

“या कशाला?” मी विचारलं.

“नावं आली की लिहायला जागा नको?”