चौथीच्या वर्गाचं ऑडिट

ऑफिसातले किस्से दोन पॉटलक जेवणांत संपतात. डेट्रॉइटच्या शाळेतले मात्र संपत नाहीत. एक सांगून होईस्तोवर दुसरा आठवतो.

२००५च्या सुमाराची गोष्ट. आमची कंपनी शहरातल्या प्राथमिक शाळांत एक उपक्रम चालवायची. शाळेतले दिवस जरा सुखाचे होतील असं काहीतरी मुलांनी स्वतः सुधारायचं आणि आम्ही क्वालिटीवाल्यांनी फक्त पद्धत शिकवायची. माझ्यासोबत स्वयंसेवक म्हणून बोरकर काका असायचे. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी सांभाळून रिटायर झालेले, आता डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला मुलाकडे राहणारे. मी ड्राइव्ह करायची आणि काका रस्ताभर बोलायचे.

*

पहिल्याच दिवशी मी चौथीच्या वर्गाला प्रॉब्लेम सुचवला: जेवणाच्या हॉलमधला कचरा. चार्टसुद्धा करून नेले होते.

केसांत पिवळे मणी ओवलेल्या कियानाने हात वर केला. "मिस, तुम्ही इथे जेवता?"

"नाही."

"मग आम्हाला कशाचा त्रास होतो, ते तुम्हाला कसं कळलं?"

मी चार्ट गुंडाळून ठेवले. त्रास वेगळाच होता. हॉलमध्ये फार गोंगाट होतो म्हणून मुख्याध्यापिका मिसेस विल्सन यांनी जेवताना बोलायला बंदी केली होती. अख्खी शाळा मुकाट्याने जेवायची. मुलांना बोलणं परत हवं होतं.

मिसेस विल्सन तशा सरळ बाई. म्हणाल्या, "एक दिवस बंदी उठवते. तुम्हीच परीक्षा ठरवा. नापास झालात, तर या वर्षी पुन्हा विषय काढायचा नाही."

*

काकांनी "का?" विचारत मुळाशी कसं जायचं ते शिकवलं. गोंगाट का होतो? सगळे ओरडतात. का ओरडतात? मैत्रीण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते. का? रांगेत जसे येतो तसेच बसवतात.

उत्तर वर्गालाच सापडलं. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या शेजारी बसलं की झालं! एवढ्यासाठी आमच्या ऑफिसात तीन मीटिंगा आणि एक कन्सल्टंट लागला असता.

*

मग प्रश्न आला मोजमापाचा. मी ऑफिसातून आवाज मोजायचं मीटर आणते म्हटलं.

"आणि तुम्ही ते परत नेल्यावर?" कियाना म्हणाली.

त्यांनी स्वतःच परीक्षा ठरवली. बालवाडीतली झोई शाळेत सगळ्यात हळू बोलते. तिने काउंटरवर नेहमीच्या आवाजात दूध मागायचं. वाढणाऱ्या मिस रूबींना पुन्हा न विचारता ऐकू आलं, तर पास.

मी घाबरून म्हटलं, "अगं, मिस रूबींना एका कानाने कमी ऐकू येतं."

"म्हणूनच," कियाना म्हणाली.

*

एकदा काकांनी रंगात येऊन पिंपरीचं सांगितलं. क्वालिटी तपासायला ऑडिटर यायचा त्या दिवशी ते फरशी धुवून काढायचे आणि खडखडणारं मशीन चक्क बंद ठेवायचे. वर्ग खो खो हसला.

कियाना हसली नाही. "मग ऑडिटरने पाहिलं काय?"

त्या दिवशी ट्रॉय येईपर्यंत काका तोच प्रश्न स्वतःशी पुटपुटत होते.

*

परीक्षेचा दिवस आला. सगळे आपापल्या दोस्तांशेजारी बसले. पंगतीत असते तशी हॉलभर गुणगुण होती. मिसेस विल्सन हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या, शेजारी मी आणि काका.

झोई ट्रे घेऊन निघाली. तिला बघून एक टेबल गप्प झालं, मग दुसरं, मग सगळा हॉल. पोरीला मदत व्हावी म्हणून मुलांनी श्वास रोखून धरले होते. मिसेस विल्सन किंचित हसल्या. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात कियाना बाकावर उभी राहिली.

"कीप टॉकिंग!" ती ओरडली. "उद्यापासून रोज बोलणार आहोत तसं बोला. नाहीतर हे खरं नाही."

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. एकेक टेबल पुन्हा बोलू लागलं आणि गुणगुण पहिल्यासारखी हॉलभर पसरली.

झोई काउंटरपाशी टाचा उंचावून उभी राहिली. तिचे ओठ हलले. आम्हाला दारापाशी काहीच ऐकू आलं नाही.

मिस रूबींनी हात पुसले.

"चॉकलेट मिल्क ऑर प्लेन?"