डिकीतला दिवा

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या सकाळी गाडीनं दगा दिला. मी किल्ली फिरवली, बॉनेटखालून नुसतं ‘टक्’ वाजलं. परत फिरवली, परत ‘टक्’. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या चऱ्होलीकडच्या जुन्या घरांत तशीच रीत आहे. आत्या डोक्यावरून आंघोळ करून, डोळ्यांत थेंब घालून, नवीन लुगड्यात मागच्या सीटवर बसल्या होत्या. उजव्या डोळ्यानं त्यांना फक्त उजेड-अंधार कळायचा आणि डाव्यानं नुसती धूसर आकृती दिसायची; माणूस समोर आला तरी आवाजावरूनच ओळखायच्या.

“काय झालं गं?” त्यांनी विचारलं.

“बॅटरी उतरली, आत्या.”

“पर ती तर नवी टाकलीस न्हवं?”

टाकली होती. आधीची बॅटरी अशीच बसली तेव्हा डांगे चौकातल्या मेकॅनिकनं नवी बसवून दिली होती. त्यानंतर शाळेच्या सुट्टीत गाडी एखाददोन दिवस उभी राहिली, तरी शेजाऱ्यांच्या गाडीला वायर जोडून सुरू करावी लागायची. त्या सकाळी शेजारी आधीच कामावर गेले होते. मोबाईलवरून बोलावलेली टॅक्सी दोनदा रद्द झाली. शेवटी रिक्षा मिळाली आणि भोसरीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकली. पिंपरीतल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या दिवशीची ऑपरेशनं आटोपत आली होती. डॉक्टर बाईंनी पुढची तारीख दिली. परतताना रिक्षात आत्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या, आणि मला ते सोसवलं नाही.

माझे यजमान कंपनीच्या कामावर काही महिन्यांसाठी गुजरातला गेले होते. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“विकून टाकू ती गाडी,” ते म्हणाले. “जुनी गाडी घ्यायची म्हणजे हेच. मी आलो की बघू.”

“तुम्ही येईपर्यंत तारीख निघून जाईल,” मी म्हटलं. “बॅटरी खाणारं काहीतरी गाडीतच आहे. मी शोधते.”

“तू?”

“हो, मीच.”

कुरुळीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना ‘विद्युतधारा मोजायची तर मीटर परिपथाच्या मधोमध जोडायचा’ हे मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलं आहे. पण स्वतःच्या गाडीचं बॉनेट मी पाणी भरण्यापलीकडे कधी उघडलं नव्हतं. मुख्याध्यापिकांना विचारून प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घरी आणला. रविवारी जेवणं उरकून पार्किंगमध्ये उतरले. आत्याही मागोमाग आल्या आणि खुर्ची मागवून सावलीत बसल्या.

“मला दिसत न्हाई, पर सोबत तर व्हईल,” त्या म्हणाल्या.

बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची तार सोडवली आणि टोक व तार यांच्यामध्ये मीटर जोडला. आकडा आला तसा मला आनंद झाला, आणि त्या आनंदात, बघू तरी काय होतं म्हणून मी आत जाऊन किल्ली फिरवली. एसीचा पंखा चालूच राहिला होता. मीटर एकदम शून्यावर गेला. त्याचा फ्यूज उडाला होता. मोजायची होती थोडीशी धारा, आणि मी सगळी गाडीच त्यातून चालवायला गेले होते!

“मोडलं व्हय?” आत्यांनी विचारलं.

“मोडलं. उद्या नीट करते.”

“मग उद्या परत बसू,” त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तसाच फ्यूज विकत घेतला आणि मीटरची पाठ उघडून बदलला. या वेळी घाई केली नाही. दार उघडं ठेवून आत बसायचं होतं, म्हणून दाराची कडी स्क्रूड्रायव्हरनं दाबून ठेवली. गाडीला वाटलं पाहिजे की दार बंद आहे. रिमोटनं कुलूप लावलं आणि थांबले. आजकालच्या गाड्या बंद केल्या तरी लगेच झोपत नाहीत. आतली यंत्रं शांत व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आत्यांनी मला त्यांच्या माहेरच्या विहिरीवरच्या मोटेची गोष्ट सांगितली.

गाडी शांत झाल्यावरही आकडा खाली येईना. बंद गाडी जेवढी धारा घेते त्याच्या दहापट तरी जास्त जात होती. आता एकेक फ्यूज काढून बघायचा, कुठला काढल्यावर आकडा पडतो ते. पण फ्यूज स्टिअरिंगखाली आणि मीटर बॉनेटमध्ये. आत्यांना आकडा वाचता येत नव्हता. मग लांब वायरीचा मीटर काचेवर वायपरखाली, तोंड आत करून अडकवला आणि ड्रायव्हरच्या सीटवरूनच वाचू लागले.

रेडिओचा काढला, काही नाही. हॉर्नचा काढला, काही नाही. सोसायटीतले एक काका फिरून परतले आणि थांबले.

“मॅडम, कशाला हात काळे करता? गॅरेजला द्या की राव.”

“त्यांनी बॅटरीच बदलली, काका. मला आजार शोधायचाय.”

काका हसत निघून गेले. आत्या त्यांच्या पाठीमागे पुटपुटल्या, “जाऊ दे गं. त्यास्नी दवाखान्यात जायचं न्हाई.”

आणखी काही फ्यूज झाले. पाठ भरून आली. मग एक छोटासा फ्यूज ओढला आणि काचेवरचा आकडा धाडकन खाली आला. झाकणावरचा नकाशा पाहिला: आतले दिवे. पण छतातला दिवा तर बंद होता. दारातले बंद. राहिली डिकी. डिकी उघडली की तिथला दिवा लागणारच, मग बंद असताना तो जळतो की नाही हे कळायचं कसं?

मग सुचलं. फ्यूज परत बसवला, गाडीला पुन्हा झोपू दिलं आणि आत्यांना हाताला धरून गाडीमागे नेऊन उभं केलं.

“आत्या, मी आतून खटका ओढते. झाकण उचललं की डाव्या बाजूला दिव्याची काच लागेल. लगेच हात लावा.”

मी सीटजवळचा खटका ओढला. झाकण उचलल्याचा आवाज आला. आणि लगोलग आत्यांचा.

“अगं बया! गरम हाय की गं! चांगली तापलीय!”

मी धावतच मागे गेले. आत्ताच लागलेला दिवा इतका तापेल कसा? म्हणजे झाकण बंद असतानाही तो रात्रंदिवस जळत होता. झाकणाबरोबर दाबली जाणारी बारीक कळ आतून तुटली होती. मी दिवाच काढून टाकला. मीटरवरचा आकडा जिथं असायला हवा तिथं येऊन स्थिरावला. आम्ही दोघी हसलो. आत्यांनी तर माझ्या काळ्या हातावर टाळी दिली.

पण आनंद आठवडाभरही टिकला नाही. चाकणहून परतताना अंधार पडला होता. हेडलाइट लावले होते, एसी चालू होता आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. थोड्या वेळानं डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लागलं. घरी पोचले खरी, पण सकाळी पुन्हा तेच ‘टक्’. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. मग उठले. दिवा तर काढला होता. बॅटरी रिकामी होत नव्हती, म्हणजे ती भरतच नव्हती.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून सुरू केली आणि इंजिन चालू ठेवूनच मोजलं. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर व्होल्टेज चांगलं चौदाच्या वर होतं. बॅटरीच्या टोकांवर मात्र हेडलाइट लावले की ते साडेबारापर्यंत घसरायचं. तयार होत होती ती वीज वाटेतच अडत होती. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या धातूवर टेकवली. तिथं जवळपास काहीच दिसायला नको होतं, पण चांगला दीड व्होल्ट दिसला.

गाडी तशीच चालू ठेवून मी डांगे चौकात गेले. मेकॅनिकला म्हटलं, “भाऊ, बॅटरी खाणारा डिकीतला दिवा मी काढला. आता इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी बघायचीय. वाट तिथंच अडलीय.”

त्यानं माझ्या हातातला मीटर पाहिला, स्वतःही मोजून बघितलं आणि गाडी वर घेतली. पट्टीचा बोल्ट ढिला होता आणि खाली हिरवा-तांबूस गंज चढला होता.

“एका गाडीत दोन आजार, ताई,” तो म्हणाला. “मी नुसती बॅटरी बदलून थांबलो होतो. हे घ्या पाना, तुम्हीच आवळा. शोधलंय तुम्ही.”

मी पॉलिशपेपरनं धातू पांढरा होईपर्यंत घासला आणि बोल्ट आवळला. हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावलं. बॅटरीवरचं व्होल्टेज चौदाच्या खाली आलं नाही.

दिलेल्या तारखेला पहाटेच निघालो. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली आणि आम्ही घरी परतत होतो. काळा चष्मा लावून आत्या पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. बराच वेळ त्या रस्ता बघत राहिल्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

“अगं, त्या कंटेनरच्या इतक्या जवळून चालवतीस व्हय तू? आजवर दिसत न्हवतं तेच बरं हुतं!”

मी गाडी डावीकडे घेतली. आत्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला आणि चऱ्होली येईपर्यंत समोर कुठली गाडी येतेय ते मला सांगत राहिल्या.